डेल्मरने भरून ठेवलेली काडतुसं

माझा भाऊ डेल्मर गेला, तेव्हा त्याने बायकोसाठी जे काही मागे ठेवलं त्यात सगळ्यात जड होती ती काडतुसं. कॉफीचे मोठे पत्र्याचे डबे, काठोकाठ भरलेले, गॅरेजमधल्या सगळ्यात खालच्या फळीवर ओळीने लावलेले. मधल्या फळीवर ठेवले असते तर फळीच खाली आली असती.

आमच्या लॉस्ट फोर्क गावात काडतुसं घरी भरण्यात विशेष असं काही नाही. नेम मारून झाला की जमिनीवर पडलेल्या पितळी पुंगळ्या वेचून आणायच्या, धुवायच्या, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टिकली बसवायची, आत बंदुकीची दारू चिमूटभर घालायची आणि वर शिशाची गोळी दाबून बसवायची. कुणी लोणची घालतं, कुणी काडतुसं भरतं. डेल्मरने दोन्ही केलं, पण त्याच्या लोणच्याला कुणी हात लावत नसे.

नेम मात्र त्याचा बेताचाच. नेम होता नोरीनचा. माझी ही वहिनी गावच्या शाळेत स्वयंपाक करायची. अंगाने आडवी, आवाजाने मोठी, आणि रिव्हॉल्वर हातात आलं की एकदम शांत. रविवारी चर्च सुटलं की जुन्या खडीच्या खाणीत आमच्या नेमबाजी क्लबाचं मैदान भरायचं. तिथे तिच्या कागदावरची भोकं एकमेकांत मिसळलेली असायची आणि माझ्या कागदावर नुसता पाऊस पडल्यासारखा दिसायचा. डेल्मर मागच्या बाकावर बसून थर्मासमधली कॉफी पीत तिच्याकडे बघत राहायचा. काडतुसं त्याची, नेम तिचा. असं त्यांचं चाळीसेक वर्षं चाललं होतं. तिने दुकानातलं काडतूस कधी विकत घेतल्याचं मला तरी आठवत नाही.

दुसऱ्या कुणाला तो आपली काडतुसं देत नसे. कुणी मागितलीच तर म्हणायचा, दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालणं म्हणजे दुसऱ्याचे दात आपल्या तोंडात घालणं. लायल ब्रँट, त्याचा शाळेपासूनचा मित्र, एकदा त्याला म्हणाला होता की मग नोरीन काय स्वतः भरते का? डेल्मर म्हणाला, नोरीन दुसरी कुठे आहे?

दोन वर्षांपूर्वीच्या शरद ऋतूत त्याच्या पोटात दुखायला लागलं. कॅस्पर शहरातल्या डॉक्टरांनी जे सांगितलं त्यातलं निम्मं त्याने घरी सांगितलं आणि निम्मं गिळलं. औषधं सुरू झाली. केस गेले, वजन गेलं, पण बोलणं तसंच राहिलं. बरा असला की जेवणानंतर गॅरेजमध्ये जायचा, हीटर लावायचा आणि बाकड्यावर बसून काडतुसं भरायचा. स्वयंपाकघर आणि गॅरेज यांच्यामध्ये एक पातळ भिंत. भरायच्या यंत्राचा दांडा खाली आला की खट्ट असा आवाज व्हायचा, आणि तो पलीकडे बटाटे सोलणाऱ्या नोरीनला ऐकू यायचा. ती मला फोनवर सांगायची की आज बरा दिसतोय, आवाज येतोय.

त्या हिवाळ्यात त्याने भरली तेवढी काडतुसं कधीच भरली नव्हती. मी एकदा केक घेऊन गेले तेव्हा त्याला विचारलं की एवढी कशाला, अस्वलांची पलटण येणार आहे का? तो म्हणाला, व्हर्ना, काडतुसांचे भाव बघितलेस का? आणि मिळतात तरी कुठे हल्ली. हिला दर रविवारी लागतात. मी नसल्यावर ही दुकानात जाऊन उभी राहील, दुकानदार नाही म्हणेल, ही त्याच्याशी भांडेल. त्यापेक्षा भरून ठेवलेली बरी.

मग त्याने हळूच विचारलं, "दहा वर्षं पुरतील ना?"

मी म्हटलं पुरतील. तो मार्चमध्ये गेला. बर्फ अजून वितळलं नव्हतं.

नोरीन दोन महिने मैदानावर आली नाही. मग मेमधल्या एका रविवारी आली, तिच्या जुन्या रिव्हॉल्वरसकट आणि कॉफीच्या एका डब्यासकट. सगळ्यांनी तिला मिठी मारली. मैदानावरची शिस्त लायल बघतो; गावातल्या बंदुकाही तोच दुरुस्त करतो. त्याने डब्याकडे पाहिलं आणि तिच्या मागे जाऊन उभा राहिला.

पहिल्या फेरीत तिचे सगळे नेम बरोबर लागले. दुसऱ्या फेरीत मध्येच एक बार नीट झालाच नाही. फुस्स झालं, फटाक्याची वात ओली असावी तसं. नोरीनचं बोट सवयीने पुन्हा चापावर गेलं. लायलने मागून तिचं मनगट धरलं आणि थांब म्हणाला. त्याने रिव्हॉल्वर रिकामं केलं, नळीत उजेड टाकून पाहिलं. गोळी नळीच्या मधोमध अडकून बसली होती. त्या पुंगळीत दारू नव्हतीच. नुसत्या टिकलीच्या जोरावर गोळी तिथवर गेली होती. तिने पुढचा बार काढला असता तर मागची गोळी पुढच्या गोळीवर आदळली असती आणि नळी फुगली असती किंवा फाटली असती.

लायलने पितळेच्या सळईने ठोकून गोळी बाहेर काढली आणि तिला बाजूला नेऊन हळू आवाजात सांगितलं की हे डबे वापरू नकोस. मी जवळच होते. तो म्हणाला की चूक कुणाचीही होते, पण जिथे एक रिकामी निघाली तिथे एक दुप्पट भरलेली असू शकते, आणि ती अडकून बसत नाही, बंदूकच फोडते.

नोरीनला ते लागलं. डेल्मर शेवटपर्यंत यंत्राजवळ बसताना चष्मा पुसून बसत होता, ती म्हणाली. गॅरेजमध्ये ओल आहे, टिकली खराब झाली असेल. चाळीस वर्षांत त्याच्या हातचं एकही काडतूस फसलं नव्हतं आणि आता तो उत्तर द्यायला नाही तर सगळे त्याच्या चुका काढताहेत. लायल लाल झाला. तो म्हणाला की मी त्याच्या शवपेटीला खांदा दिलाय नोरीन, मी त्याच्या चुका काढत नाहीये. पण ती तोवर गाडीकडे निघाली होती.

मीही घरी जाऊन तिला समजावलं. तिने मला खिम्याचा मीटलोफ वाढला, वर जास्तीचा सॉस घातला आणि विषय बदलला. मला कळलं की तिच्यासाठी ती नुसती काडतुसं नाहीत. तो रोज थोडा थोडा संपत होता तेव्हा तिच्यासाठी काहीतरी साठवत होता, आणि आम्ही तिला सांगत होतो की ते फेकून दे.

जूनमध्ये ती पुन्हा आली. दुसरा डबा आणला होता. आम्हाला सांगितलं की हा उन्हात वाळवलाय, आता ओल नाही. लायलने तिला मैदानाच्या एका टोकाला उभं केलं, तिच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या ठेवल्या, आणि डोळ्यांवरचा चष्मा नीट घट्ट बसव म्हणून बजावलं. तिला थांबवायला हवं होतं असं तो नंतर कितीतरी वेळा म्हणाला. पण डेल्मरच्या बायकोला मैदानावरून हाकलायचं कुणी?

तो आवाज नेहमीच्या बारासारखा नव्हता. बंद खोलीत दार आपटावं तसा होता, आणि त्याच्याबरोबर एक धातूचा चिरका नाद. मी वळून पाहिलं तेव्हा नोरीन उभीच होती. तिच्या हातातल्या रिव्हॉल्वरची वरची पट्टी कमानीसारखी वाकून उठली होती आणि काडतुसं ठेवायच्या चक्राचा एक तुकडा गायब होता. तिच्या भुवईवरून रक्त वाहत होतं. चष्म्याच्या काचेवर एक पांढरी खोच होती, डोळ्याच्या अगदी समोर.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "व्हर्ना, माझा हात आहे का?"

मी तिचा हात माझ्या दोन्ही हातांत धरला आणि आहे म्हणून सांगितलं. अंगठ्याजवळ खोल चिरलं होतं, बोटं बधिर झाली होती, पण सगळी जागेवर होती. लायलने आपला शर्ट काढून तिच्या हाताला गुंडाळला. दवाखान्यात भुवईला आणि अंगठ्याला टाके पडले. डॉक्टर म्हणाले की चष्मा नसता तर डोळा गेला असता. परत येताना गाडीत ती एकच वाक्य बोलली. म्हणाली, बंदूक जुनी झाली होती.

ते वाक्य तिने पुढचे दहा-बारा दिवस लावून धरलं. लोखंड थकतं, तडे जातात, कुणाला दिसत नाहीत. लायल तिच्याकडे आला तेव्हा त्यालाही तिने तेच सांगितलं. लायल मोडकं रिव्हॉल्वर दुकानात नेऊन भिंगाखाली बघून आला होता. तुटलेली कड नवी, स्वच्छ होती, जुन्या तड्याचा काळा डाग कुठेच नव्हता. पण त्याने ते लगेच सांगितलं नाही. कॉफी प्यायला, रुबार्बच्या आंबट देठांची गोड पाई खाल्ली, मग म्हणाला की मला बंदुकीची चूक आहे असं म्हणायलाही हरकत नाही. त्यासाठी डबे उघडून बघू. सगळी काडतुसं नीट निघाली तर मी डेल्मरच्या कबरीपाशी जाऊन माफी मागेन.

नोरीनने आधी वेगळाच मार्ग काढला. म्हणाली, एकेक काडतूस तोलू. हलकी निघतील ती रिकामी, जड निघतील ती दुप्पट, बाकीची चांगली. लायलने मान हलवली. शिशाच्या गोळ्यांच्याच वजनात कमीजास्त असतं, पुंगळ्यांच्याही असतं, आणि दारू असते चिमूटभर. काटा काय बोलतोय ते कळायचं नाही. फोडूनच बघावी लागतील.

"सगळी?" तिने विचारलं.

"सगळी," लायल म्हणाला.

तिने उठून लायलची रिकामी बशी सिंकमध्ये ठेवली. मग म्हणाली की उद्या सकाळी या, नाश्ता करूनच या, मी काही करणार नाहीये.

लायलकडे त्यासाठी प्लास्टिकची एक हातोडी असते. तिच्या पोकळ डोक्यात काडतूस उलटं अडकवायचं आणि लाकडाच्या ठोकळ्यावर आपटायचं. धक्क्याने गोळी निसटते, दारू आत सांडते, पुंगळी हातात येते. आम्ही गॅरेजचं दार उघडं टाकून बसलो, गाडी बाहेर काढली, हीटर बंदच ठेवला. लायल आपटायचा, मी दारू एका पांढऱ्या बशीत ओतून नोरीनसमोर धरायचे, आणि ती डाव्या हाताने काट्यावर तोलायची. उजव्याला अजून पट्टी होती.

जुन्या डब्यांपासून सुरुवात केली. आजारपणाच्या आधीचे. प्रत्येक वेळी काटा त्याच जागी येऊन थांबायचा. नोरीन म्हणायची, "बरोबर." पुन्हा, "बरोबर." पहिल्या सकाळी तिने तो शब्द इतक्या समाधानाने इतक्या वेळा म्हटला की लायललाही हसू यायला लागलं. जणू डेल्मर परीक्षेला बसलाय आणि ती पेपर तपासतेय. मला मात्र त्या बरोबर निघालेल्यांचंच जास्त वाईट वाटत होतं. इतकी नीट भरलेली, आणि तीही आम्ही फोडत होतो.

हिवाळ्यातल्या डब्यांपाशी आलो तेव्हा काही वेळ तसंच चाललं. मग एका पुंगळीतून काहीच सांडलं नाही. बशी पांढरीच राहिली. नोरीनने बशीवरून बोट फिरवून पाहिलं. त्यानंतरची बरीचशी नीट होती. मग एक निघाली ती बशीत ढीग करून पडली, काटा दुपटीवर गेला. नोरीनच्या रिव्हॉल्वरला लागणाऱ्या अडतीस मापाच्या पुंगळीत मुळातच जागा खूप असते. हलक्या बाराची दारू तळाला जेमतेम दिसते. माप एकदा पडलं की नाही ते विसरून दांडा पुन्हा ओढला तर दुसरं मापही आत गुपचूप मावतं. वाकून, उजेड धरून प्रत्येक पुंगळीत डोकावून बघणं हाच उपाय, आणि डेल्मर आयुष्यभर ते करत आला होता.

शेवटच्या डब्यात तर चुका शोधाव्याच लागल्या नाहीत. रिकामी होती, दुप्पट होती, एका पुंगळीत टिकली आडवी चेपलेली होती. काही गोळ्या तिरक्या बसलेल्या, शिसं एका बाजूने खरवडलेलं. लायलने त्यातली एक बोटांत धरून फिरवली आणि म्हणाला की ही बसवताना त्याला बोटांनी कळतच नसणार. त्याला डॉक्टरांनी विचारलं होतं का, बोटं बधिर होतात का म्हणून? त्या औषधांनी होतात.

नोरीन म्हणाली की विचारलं होतं. ती तिथेच बसली होती. तो नाही म्हणाला.

मग तिने काटा बाजूला सरकवला. सदऱ्याची बटणं मला लावायला सांगायचा, ती म्हणाली. म्हणायचा की आजारी माणसाचे थोडे लाड कर. मी लाड समजून लावत राहिले. कप हातातून पडला तर म्हणायचा, कप गुळगुळीत झालेत, नवे आण. मी नवे आणले. त्याला हातात काय धरलंय तेही कळत नव्हतं, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, आणि तो इथे थंडीत बसून माझ्यासाठी भरत होता. आणि मी तिकडे आवाज ऐकून खूश होते की आज बरा आहे.

लायलने हातोडी खाली ठेवली. त्याला रडणाऱ्या माणसांपुढे काय करायचं कळत नाही, तो बाहेर जाऊन आपल्या गाडीचा टायर बघत उभा राहिला. मी नोरीनच्या शेजारच्या स्टुलावर बसले.  तो माझा भाऊ होता. मला तर सदऱ्याची बटणंही माहीत नव्हती.

तिने विचारलं, "त्याला कळलं असेल का गं, आपलं चुकतंय ते?"

मी विचार करून म्हटलं की नसेल कळलं. कळलं असतं तर त्याने तुझ्या हातात दिली नसती.

तिने पट्टीच्या हाताने नाक पुसलं. म्हणाली, "हो. हे मात्र खरं. कळलं असतं तर सगळी फोडून पुन्हा भरत बसला असता, मूर्ख माणूस." आणि मग रडता रडता हसायला लागली. म्हणाली की मला एवढं प्रेम झेपलं नाही बघ, थेट कपाळाला टाके पडले. मीही हसले. बाहेरून लायलने आत डोकावून पाहिलं आणि आम्हाला वेड लागलंय अशी खात्री करून पुन्हा टायरकडे गेला.

उरलेले डबे संपवायला अजून बरेच दिवस लागले. दारू आम्ही परसात पातळ पसरून गवतावर टाकली, टिकल्या तेलात बुडवून लायल घेऊन गेला. पितळ आणि शिसं वेगवेगळ्या बादल्यांत जमलं. यंत्राचं काय करायचं ते नोरीनने स्वतःच ठरवलं. लायलने शिकवायची तयारी दाखवली, पण ती म्हणाली की मला ते काम कधीच आवडलं नाही, मला त्याची काडतुसं आवडायची. यंत्र लायलच्या दुकानात गेलं. मोडकं रिव्हॉल्वर त्याने तिला विचारून क्लबाच्या भिंतीवर लावलं. खाली कुणाचं नाव लिहिलं नाही. नवीन येणाऱ्यांना तो ते दाखवतो आणि दुप्पट भरणं म्हणजे काय ते सांगतो, डेल्मरचं नाव न घेता.

ऑगस्टपर्यंत अंगठ्याची जखम पूर्ण भरली. नोरीनने दुकानातून काडतुसांची डबी आणली. भाव ऐकून दुकानदाराशी भांडलीच. लायलने तिला आपलं रिव्हॉल्वर वापरायला दिलं. पण पहिल्या रविवारी ती नेम मारायच्या रेषेवर उभी राहिली आणि तिने रिव्हॉल्वर उचललं. चाप ओढायच्या आधीच तिचे डोळे मिटत होते. तिने रिव्हॉल्वर खाली ठेवलं आणि बाकावर येऊन बसली. पुढच्या रविवारी तसंच. त्याच्या पुढच्याही.  बायका घरून तिच्यासाठी काही ना काही करून आणायच्या, तीही आणायची, आणि शेवटी बाकावर नुसतं खाणंच व्हायचं.

सप्टेंबरमधल्या एका रविवारी वारा पडला होता. ती उठली, कानांवर कानबंद चढवले, चष्मा घातला आणि रेषेवर जाता जाता मला खुणेने बोलावलं. मी मागे जाऊन उभी राहिले. तिने मागे न वळताच मला सांगितलं की माझ्या पाठीवर हात ठेव, आणि मी पळायला लागले तर ढकल. मी तिच्या दोन खांद्यांच्या मधोमध हात ठेवला. तिचा श्वास मला हाताला कळत होता, वर येत होता, खाली जात होता, आणि मग थांबला.

बार झाला. तिच्या पाठीतून माझ्या कोपरापर्यंत धक्का आला. तिने लगेच दुसरा काढला नाही. रिव्हॉल्वर खाली करून आधी आपल्या हाताकडे पाहिलं, बोटं उघडली, मिटली. मग पुन्हा उचललं.

सगळं रिकामं झाल्यावर लायल जाऊन कागद घेऊन आला. भोकं खाली डावीकडे गेली होती, एक तर कागदाच्या अगदी काठावर होतं. तिने कागद उन्हात धरून बघितला आणि मला म्हणाली की हे तर तुझ्यासारखं झालंय. मी म्हटलं की माझं याहून बरं असतं. तिने कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि विचारलं की आज पीचची पाई कुणी आणलीय.